समुपदेशनातील ‘विवेक’ आणि ‘पाहिजे’ : मराठी मानसोपचार-परिभाषेचे चिकित्सक वाचन, नवी मुंबईच्या संदर्भात

प्रास्ताविक

‘समुपदेशन’ हा शब्द मराठीत रुळून आता काही दशके लोटली आहेत. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, कुटुंब न्यायालये अशा सर्व ठिकाणी या नावाच्या पाट्या दिसतात. या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ दडलेला आहे, ही गोष्ट मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते. ज्या विद्याशाखेचा हा पारिभाषिक शब्द, तिचे एक प्रमुख प्रवर्तक कार्ल रॉजर्स यांनी १९४२ पासून नेमका उपदेशालाच विरोध केला होता. मदत मागणाऱ्याला मार्ग दाखवू नये, त्याचा मार्ग त्यालाच सापडेल अशी परिस्थिती निर्माण करावी, ही त्यांची भूमिका. मराठीने ही विद्या स्वीकारली ती मात्र उपदेशासह स्वीकारली. हा केवळ भाषांतराचा अपघात आहे असे वाटत नाही. आपल्याकडे मनाचे दुखणे घेऊन येणारी व्यक्ती बहुधा ‘आता मी काय करू, ते तुम्हीच सांगा’ असे म्हणतच येते. पंजाबमधील मनोविकारतज्ज्ञ जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु-चेला संबंध हाच भारतीय मानसोपचाराचा नमुना ठरू शकेल काय, असा प्रश्न उपस्थित केला होता, त्याच्या मुळाशी हाच अनुभव होता. (गुरु-शिष्य परंपरेचे स्मरण करताना एकलव्याचेही स्मरण ठेवणे इष्ट; नेकींच्या प्रतिमानात त्याला जागा दिसत नाही.)

पाश्चात्त्य समुपदेशनाचे मराठीकरण करताना नेमके काय बदलले आणि काय तसेच राहिले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मराठीत सर्वाधिक प्रसार पावलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती हा मुख्य आधार घेतला असून, नवी मुंबईसारख्या बहुभाषिक व बहुजातीय शहरात तिच्या परिभाषेचे काय होते, याचा विचार केला आहे. समुपदेशकाकडे येणाऱ्या व्यक्तीसाठी ‘सल्लार्थी’ हा प्रचलित शब्द येथे वापरला आहे. त्यातही पुन्हा ‘सल्ला’ आहेच.

‘विवेक’ या शब्दाची निवड

अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ मध्ये आपली उपचारपद्धती मांडण्यास प्रारंभ केला. घटना आपल्याला अस्वस्थ करीत नाही, घटनेविषयीची आपली समजूत अस्वस्थ करते, हे तिचे मध्यवर्ती सूत्र. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धती आत्मसात केली आणि भारतात तिच्या प्रशिक्षणाचा पाया घातला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था उभी केली आणि ‘स्वभाव-विभाव’सारख्या पुस्तकांतून व असंख्य व्याख्यानांतून ही विचारसरणी सामान्य वाचकापर्यंत नेली. डॉ. अंजली जोशी यांनी तर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीच लिहिली. एका अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचे चरित्र मराठीत आत्मकथनपर कादंबरी होऊन यावे, हा मराठी वाचनसंस्कृतीचा एक विलक्षण विशेष म्हटला पाहिजे.

या सर्व प्रवाहात एलिस यांच्या ‘रॅशनल’ या विशेषणासाठी ‘विवेकनिष्ठ’ हा प्रतिशब्द स्थिरावला. ‘बुद्धिनिष्ठ’ किंवा ‘तर्कनिष्ठ’ हे पर्याय उपलब्ध होते व कोशदृष्ट्या ते अधिक जवळचे होते. परंतु ‘विवेक’ या शब्दाला मराठीत जे वजन आहे, ते त्यांना नाही. संतसाहित्यात, विशेषतः समर्थ रामदासांच्या लेखनात, हा शब्द पदोपदी भेटतो. तोच शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीनेही आपला मानला. म्हणजे हरिपाठ म्हणणारा वाचक आणि देव न मानणारा वाचक, दोघांच्याही घरात हा शब्द आधीपासून राहत होता. एलिस स्वतः नास्तिक. त्यांची पद्धती मराठीत आली ती अशा शब्दाचे बोट धरून, की ज्याला कोणीही परका म्हणू शकणार नाही. सांस्कृतिक अनुकूलनाचा इतका यशस्वी नमुना भारतीय भाषांत विरळा असावा.

अर्थात शब्द आपला सारा इतिहास बरोबर घेऊन येतो. संतपरंपरेतील विवेक हा नित्य आणि अनित्य यांची निवड करणारा. त्याची परिणती वैराग्याकडे झुकते. एलिस यांचा विवेक हा सल्लार्थीला संसारात अधिक समर्थपणे, अधिक आनंदाने परत पाठवणारा. मराठी मांडणीत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. ‘अपेक्षा कमी कर’ हा जुना उपदेश आणि ‘हट्टाग्रह सोडून पसंती ठेव’ हे एलिस यांचे सूत्र, श्रोत्याच्या कानाला एकच वाटू लागते. कष्टाने एखादी इच्छा बाळगायला शिकलेल्या स्त्रीला हे ऐकवले, तर तिच्यापर्यंत यांतील कोणता अर्थ पोहोचेल, याची खात्री देता येत नाही.

‘पाहिजे’ची अडचण

याहून सूक्ष्म अडचण क्रियापदाची आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. एलिस यांची सारी उपचारप्रक्रिया ‘मला हवे आहे’ आणि ‘झालेच पाहिजे’ यांतील भेदावर उभी आहे. पहिली पसंती, दुसरी मागणी. पहिली निरोगी, दुसरी दुःखाचे मूळ. इंग्रजीत या दोहोंसाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत. मराठीत ‘मला चहा पाहिजे’ आणि ‘मला गेले पाहिजे’ या दोन्ही वाक्यांत एकच ‘पाहिजे’ आहे. इच्छा आणि कर्तव्य यांची सीमा मराठी व्याकरणाने आखलेली नाही; ती संदर्भावर सोडली आहे. त्यामुळे मराठीत ही पद्धती शिकवताना ‘च’ या एका अव्ययाचा आधार घ्यावा लागतो : ‘पाहिजे’ चालेल, ‘पाहिजेच’ नको. हा तोडगा प्रमाण मराठीत शिक्षण झालेल्या व्यक्तीच्या चटकन लक्षात येतो. परंतु बोलीत ‘च’ हा बहुतेक वेळा केवळ वाक्याचा ठेका सांभाळण्यासाठी येतो. ‘मी घरीच होतो, जेवलोच नाही’ असे सांगणारा माणूस कसलाही हट्टाग्रह धरून बसलेला नसतो. अशा व्यक्तीच्या बोलण्यातील ‘च’ पकडून तिला अविवेकी ठरवणे म्हणजे बोलीला आजार मानणे होय. हिंदी वा भोजपुरीत बोलणाऱ्या सल्लार्थीच्या ‘चाहिए’ची गतही अशीच.

नवी मुंबईतील सल्लार्थी

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. ही गावे प्रामुख्याने आगरी व कोळी समाजांची. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी हे त्यांचे जीवन. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आकारास आली. त्याच काळात मुंबईतील घाऊक बाजार येथे हलले आणि त्यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रातील माथाडी कामगार आले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने व दगडखाणी यांनी उत्तर भारतातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून मजूर आणले. वाशी-नेरूळच्या इमारतींत मल्याळी, तमिळ, गुजराती, पंजाबी मध्यमवर्ग स्थिरावला. एकाच महाविद्यालयाच्या एका वर्गात या सर्व घरांतील मुले शेजारी शेजारी बसतात. त्या महाविद्यालयाचा समुपदेशक मात्र बहुधा एकच असतो आणि त्याच्याजवळ एकच परिभाषा असते.

ही परिभाषा कोठे अडते, याचा एक नमुना-प्रसंग कल्पून पाहता येईल. आगरी कुटुंबातील एक विवाहित स्त्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, अशी तक्रार घेऊन येते. वडिलांच्या नावे मिळालेल्या भूखंडाच्या व्यवहारासाठी भावांनी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू कुटुंबातील मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, त्यामुळे बहिणीची सही व्यवहारासाठी आवश्यक झाली. कायद्याने जो हक्क दिला, तोच हक्क प्रत्येक रक्षाबंधनाला ताणाचे निमित्त ठरला. सही न द्यावी तर माहेर तुटते. द्यावी तर सासरी वर्षानुवर्षे ऐकून घ्यावे लागते. एलिस यांनी १९६२ मध्ये दिलेल्या अविवेकी समजुतींच्या यादीत पहिलीच समजूत आहे ती अशी की, आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या सर्वांनी आपल्याला चांगले म्हटले पाहिजे. या यादीवरून पाहू गेल्यास ही स्त्री चटकन कोष्टकात बसते. परंतु तिच्यासाठी माहेरच्यांनी चांगले म्हणणे ही मानसिक चैन नाही. नवऱ्याचे घर सुटले तर परतण्याची तेवढी एकच जागा आहे, आणि त्या जागेचे भाडे ती सहीने भरते आहे. तिच्या समजुतीत अविवेक शोधण्याआधी तिच्या परिस्थितीतील हिशेब समजून घ्यावा लागेल.

आता या स्त्रीला धीर देण्यासाठी समुपदेशक कोणती उदाहरणे देईल? मराठी विवेकनिष्ठ लेखनाची सवय गीता आणि संतवचने यांचा दाखला देण्याची आहे, डॉ. नाडकर्णी यांच्या एका पुस्तकाचे ‘विषादयोग’ हे नावच गीतेच्या पहिल्या अध्यायाचे आहे. ठाणे-पुण्याच्या श्रोत्यांत या दाखल्यांनी मोठे काम केले, हे निर्विवाद. परंतु ते सर्वांना सारखेच जवळचे असतील, हे गृहीत धरणे योग्य नाही. आगरी समाजात लग्न लावणारी धवलारीण जी गाणी म्हणते, त्यांत नात्यागोत्याची एक संपूर्ण समज आहे. ती कोणत्याही समुपदेशन-पुस्तकात आलेली प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. १९५६ नंतर धर्मांतरित झालेल्या कुटुंबातील तरुणाला गीतेचा दाखला दिला, तर समुपदेशक कोणत्या बाजूचा आहे, याचाच तो प्रथम विचार करील. वस्तुतः दुःखाचे मूळ तृष्णेत पाहणारी बौद्ध मांडणी एलिस यांच्या सूत्राला गीतेइतकीच, कदाचित अधिकच, जवळची आहे. तरीही आपल्या समुपदेशन-वाङ्मयात तिचा वापर अपवादानेच होतो. तळोजा-पनवेलकडील कोकणी मुस्लिम कुटुंबांविषयी तर बोलायलाच नको.

थोडक्यात, मराठीकरण झाले ते एका विशिष्ट मराठीत. ‘मराठी संस्कृती’ असा एकवचनी शब्द आपण वापरतो तेव्हा त्यात कोणाची संस्कृती धरली आहे, हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत टाळता येत नाही.

विचारण्याची बाजू

येथवरच्या विवेचनावरून असे दिसेल की, मराठी परंपरेने सांगण्याची बाजू उत्तम रीतीने रूपांतरित केली. विचारण्याची आणि ऐकण्याची बाजू मात्र तशीच राहिली. या दुसऱ्या बाजूवर काम झाले ते वेगळ्या लोकांकडून, इंग्रजी शोधनिबंधांतून. आणि गंमत अशी की, त्यातील महत्त्वाचा भाग आपल्याच परिसरात घडला.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७०च्या दशकात असे प्रतिपादन केले की, रुग्णाजवळ आपल्या आजाराचे स्वतःचे स्पष्टीकरण असते आणि ते न विचारता केलेले निदान अर्धवट राहते. मिचेल वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार मुलाखतीच्या साधनात उतरवला. या साधनाविषयीचा त्यांचा निबंध १९९२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’त आला आणि त्यामागचे काम मुंबईतील कुष्ठरुग्णांमध्ये झाले होते. पुढे अमेरिकन मनोविकार-संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत समाविष्ट केली. तिची क्षेत्रचाचणी सहा देशांत झाली आणि भारतातील केंद्रांमध्ये पुण्याचा समावेश होता. या मुलाखतीतील एक प्रश्न असा आहे की, हा त्रास तुम्ही आपल्या घरच्यांना वा मित्रांना कोणत्या शब्दांत सांगाल? प्रश्न साधा आहे, परंतु त्याने खोलीतील अधिकाराची दिशा बदलते. शब्द पुरवण्याचे काम सल्लार्थीकडे जाते. ‘डिप्रेशन’ऐवजी मग ‘जीव लागत नाही’, ‘हातपाय गळाले’, ‘डोक्याला ताप झालाय’, ‘काळजात धस्स होतं’ असे शब्द येतात, आणि यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या दुःखाकडे बोट दाखवतो. हे काम मुंबई-पुण्यात होऊनही मराठी समुपदेशन-पुस्तकांत त्याचा मागमूस जवळजवळ नाही. ज्ञानाच्या या दोन प्रवाहांची भेट न होण्यामागे भाषेचेच कारण आहे : एक प्रवाह मराठीत लिहितो आणि इंग्रजी नियतकालिकांत दिसत नाही; दुसरा मराठी माणसावर संशोधन करतो आणि मराठीत लिहीत नाही.

गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेचे (स्थापना १९९६) काम या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे व्यावसायिक पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण दिले. ‘मानस’ या त्यांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत (निष्कर्ष २०१०) २४ आरोग्यकेंद्रांतील २,७९६ रुग्णांचा समावेश होता. सरकारी केंद्रांत या पद्धतीचा लाभ स्पष्ट दिसला. खासगी दवाखान्यांत दिसला नाही. पुढील चाचणीत (निष्कर्ष २०१७) गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. तीन महिन्यांनंतर त्यांतील ६४ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के नैराश्यमुक्त आढळले. विशेष म्हणजे या समुपदेशनाचा भर समजुतींशी वाद घालण्यावर नव्हता. बंद पडलेली दैनंदिन कामे आणि भेटीगाठी हळूहळू पुन्हा सुरू करणे, यावर तो होता. एलिस यांचा वाद जेथे अडतो, त्या ‘च’च्या वळणावरून ही पद्धती बाजूने निघून जाते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ प्रकल्पातही स्थानिक कार्यकर्त्यांच्या आधाराने नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

तथापि या यशाकडेही चिकित्सक दृष्टीने पाहिले पाहिजे. गोव्यातील चाचणीत कोण आजारी व कोण बरे, हे ठरले ते प्रामुख्याने एका अमेरिकन नऊ-प्रश्नी प्रश्नावलीवरून. उपचार स्थानिक झाला, परंतु मोजपट्टी परकीयच राहिली. प्रश्नावलीचे भाषांतर झाले तरी प्रश्न तेच नऊ. हक्कसोडपत्राच्या प्रसंगातील स्त्री त्या नऊ प्रश्नांची उत्तरे देईल, तिला गुण मिळतील, आणि भाऊ व सही यांचा उल्लेख कोठेच येणार नाही. संख्यात्मक पुराव्याची गरज नाकारण्याचा येथे हेतू नाही. तो पुरावा नसता तर प्राथमिक आरोग्यकेंद्रात समुपदेशकाला खुर्चीही मिळाली नसती.

सल्लार्थी एकटा असतो काय

आणखी एक मुद्दा विचारात घेणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य समुपदेशन ज्या एकट्या व्यक्तीला गृहीत धरते, ती आपल्याकडे नेहमी सापडत नाही. वीडा स्कल्टन्स यांनी १९८७ मध्ये महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे मनोरुग्णाला घेऊन कुटुंब येई, आणि अनेकदा रुग्णाबरोबर आलेल्या स्त्रीच्याच अंगात येई. घरातील माणसाचे दुखणे आपल्यावर ओढून घेण्याची ती रीत होती. या प्रथेत स्त्रीवर पडणारा भार आणि होणारा अन्याय उघड आहे. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु आजार हा एका देहात मावत नाही, ही जाण त्या मंदिरात होती आणि आपल्या प्रश्नावलीत नाही. याच जाणिवेचे विवेकी रूप पाहायचे असेल, तर पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’कडे पाहावे. व्यसनी रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट आहे. पत्नीला केवळ रुग्णाची काळजीवाहक न मानता तिच्या स्वतःच्या दुःखाला तेथे जागा मिळाली. हे अनुकूलन कोणत्याही दाखल्याने वा वचनाने झालेले नाही. बैठकीत कोण बसणार, हे बदलून ते झाले आहे.

नवी मुंबईच्या संदर्भात हा मुद्दा केवळ तात्त्विक राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक वा तत्सम व्यावसायिक नेमणे अपेक्षित आहे. येथील बहुसंख्य महाविद्यालये या कक्षेत येतात. नेमणुका होतील, खोल्या मिळतील, नोंदवह्या उघडल्या जातील. त्या नोंदवहीचे पहिले पान कसे असेल, यावर बरेच काही अवलंबून आहे. सामान्यतः त्यात नाव, वर्ग, पालकांचा दूरध्वनी आणि ‘समस्येचे स्वरूप’ असे रकाने असतात, आणि शेवटचा रकाना समुपदेशक स्वतःच्या शब्दांत भरतो. तेथे दोन रकाने वाढवण्यास कोणत्याही शासकीय आदेशाची गरज नाही : एक, घरी कोणती भाषा वा बोली बोलली जाते, दुसरा, विद्यार्थ्याने आपला त्रास सांगितला तो त्याच्याच शब्दांत, जसाच्या तसा. ‘समस्येचे स्वरूप’ हा रकाना तिसऱ्या भेटीपर्यंत कोरा ठेवावा.